लिटरमागे सतरा

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा,
ऑईलचं झाकण उघडून पांढरा फेस दिसतो का बघा,
पायाखालचं मॅट उचलून गंज बघा.
तुर्भ्याच्या रियासत मिस्त्रीने हे सगळं फोनवर सांगितलं
आणि शेवटी म्हणाला, ताई, गाडी नंतर,
आधी माणूस बघा.

माणूस करावे गावात, ओट्यावर, लुंगी-बनियनमध्ये.
हिराजी मढवी, वीज मंडळातून निवृत्त.
गाडी दोन हजार अकराची अल्टो, रुपेरी,
फक्त डावीकडचं मागचं दार
जरा वेगळ्या रुपेरीचं.
मी विचारायच्या आत तेच म्हणाले,
बेलापूरला, टेम्पो. चूक माझी.

मी भाव करणारी बाई आहे.
एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते,
रुमालाखाली दाबलेली बोटं
मला मालकाच्या चेहऱ्यावर दिसतात.
ते म्हणाले एक लाख दहा. मी नव्वद.
ते म्हणाले, पोरी, चहा घे.
कप रिकामा झाला तेव्हा शहाण्णव झाले होते.

भिशीचे साठ. साखळीचे तीस.
वरचे सहा मालकाकडून उचल,
महिन्याला पाचशे कापून.

पहाटे तीनला घणसोलीहून वाशीला
रिक्षावाला तोंडाला येईल ते मागतो,
आणि गाडीला अर्धा लिटरही लागत नाही.
हे गणित चार वर्षं मला तोंडपाठ होतं,
चार वर्षं मी रिक्षानेच जात होते.

किल्लीबरोबर त्यांनी एक वही दिली.
लांबट, लाल कापडी बांधणीची, आमच्या गाळ्यावर असते तशी.
तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज,
आणि शेवटच्या रकान्यात कुठे गेलो ते, मोजक्या शब्दांत.

मी वह्या वाचते, हाच माझा धंदा.
आई झोपल्यावर ओट्याजवळ बसून वाचली.

वाशी, साड्या.
अलिबाग, मेव्हणी.
उरण, हळद. येताना पंक्चर.
पनवेल, तिचे डोळे.
बेलापूर, हॉस्पिटल.
बेलापूर, हॉस्पिटल.
बेलापूर, हॉस्पिटल.
असं दीड पान,
आणि अ‍ॅव्हरेज तेरा, साडेबारा, बारा:
एवढा शिस्तीचा माणूस गाडी पळवत होता.
मग एक ओळ, बेलापूर, टेम्पो.
मग चार महिने कोरे.
मग पुन्हा सतरा. सतरा पॉइंट दोन. सतरा.
कुठे गेलो, तर
बॅटरी उतरू नये म्हणून.

सहा हजारांसाठी मी आणखी ताणलं असतं त्या दिवशी.
ताणलं नाही हे बरं, की ताणायला हवं होतं,
अजून ठरत नाही. शहाण्णव म्हणजे शहाण्णव.

आता ठाणे-बेलापूर रोडवर पहाटे मी असते
आणि कंपन्यांचा तो आंबूस वास.
एसी लावत नाही. चौथा गिअर लवकर टाकते,
उतार आला की पाय उचलते.
डाव्या मागच्या दाराची काच
तळहाताने ढकलून वर घ्यावी लागते,
ते आईचं काम, ती बसली तर.
रियासत म्हणतो, ही गाडी तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही,
सोडली तर मला शिव्या द्या.
अजून वेळ आलेली नाही.

वहीत मढवींच्या खाली माझं अक्षर सुरू झालं.
एपीएमसी. एपीएमसी. एपीएमसी.
एपीएमसी, आई, गुडघा.
एपीएमसी.

दिवाळीनंतरच्या रविवारी करावेला गेले,
फराळाचा डबा नि वही घेऊन.
डबा त्यांनी न उघडता कोनाड्यात ठेवला.
चष्मा लावला, माझ्या पानांवरून बोट फिरवत
सरळ अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात उतरले.
सोळा? सोळा कसे आले?
चपला न घालताच बाहेर आले,
चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले,
वेगळ्या रुपेरीच्या दारापाशी
जरा जास्त वेळ वाकलेले होते.
मग आतून पायपंप आणला,
मला म्हणाले, तू बस, तुला जमायचं नाही.

मी ओट्यावर बसून पेनचं टोपण काढलं.
तारीख. किलोमीटर. लिटर.
करावे, हवा.